उंबऱ्याच्या आतली कचेरी

गेल्या महिन्यातली गोष्ट. सकाळचे साडेअकरा वाजले असतील. दारावरची घंटा वाजली. माझे हात कणकेत होते, म्हणून मी स्वयंपाकघरातूनच सूनबाईला हाक मारली, "अगं, बघतेस का जरा? सिलिंडरवाला असेल." ती आतल्या खोलीत लॅपटॉपपुढे बसली होती. उठली, दार उघडले, सिलिंडर आत घेतला, मोबाइलवर आलेला आकडा त्या मुलाला सांगितला आणि पुन्हा जाऊन बसली. सारे मिळून चार मिनिटेही लागली नसतील. रात्री जेवणे उरकल्यावर ओटा पुसता पुसता ती म्हणाली, "आई, पुढच्या महिन्यापासून मी पुण्याला ऑफिसात जायचं म्हणतेय. तिथे मला कुणी हाक मारत नाही."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरे झाले असते, चार शब्द बोलून मीही मोकळी झाले असते. अंथरुणावर पडल्यावर मात्र एक गोष्ट लक्षात आली आणि झोप उडाली. घंटा वाजली तेव्हा शेजारच्या खोलीत आमचे चिरंजीवही लॅपटॉपपुढेच बसलेले होते. त्याला मी हाक मारली नाही. मारावी असे मनातही आले नाही. उलट कुकरच्या शिट्ट्या होऊ लागल्या की मी हळूच जाऊन त्याच्या खोलीचे दार ओढून घेते. मी स्वतः वीस वर्षे बँकेत नोकरी केलेली आणि त्यानंतर तेवढीच वर्षे घरी बसून कादंबऱ्या लिहिलेली बाई. 'घरी असते म्हणजे रिकामीच असते' या समजुतीविरुद्ध मी जन्मभर कुरकुर केली. तीच समजूत आता माझ्या तोंडून बोलत होती.

सूनबाईचे काम एका परदेशी विमा कंपनीचे हिशेब तपासण्याचे. पुणे इथून, म्हणजे नाशिकच्या अंबडहून, दोनशे किलोमीटरहून लांब. पाच-सहा तासांचा रस्ता. म्हणजे सोमवार ते शुक्रवार तिने तिथे कुठेतरी राहायचे आणि सहा वर्षांच्या नातवाने इथे आजी-आजोबांपाशी. मुलाला सोडून राहणे परवडले, पण घरातल्या हाका नकोत, असे एखाद्या आईला वाटू लागते तेव्हा प्रश्न तिच्या स्वभावाचा राहत नाही. त्या घराचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. मी जुनी बँकवाली. तो हिशेब आज तुमच्यापुढे मांडते आहे, कारण हा प्रश्न आता आमच्या एकट्या घराचा उरलेला नाही.

माघारी बोलावणे

आमच्या अंबडची ओळख औद्योगिक वसाहतीची. कारखान्यांतल्या कामगारांसाठी शेजारी सिडकोने सहा योजनांत घरे बांधली आणि नवे नाशिक उभे राहिले. पुढे संगणकाचे युग आले, तेव्हा माहिती तंत्रज्ञानासाठी म्हणून औद्योगिक विकास महामंडळाने अंबडमध्येच एक इमारतही बांधली. ती वर्षानुवर्षे बहुतांशी रिकामीच राहिली आणि इथली संगणक शिकलेली मुले पुण्या-बंगळुरूला गेली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि तीच मुले एका बॅगेत ऑफिस घेऊन परत आली. इमारतीने जे साधले नाही ते एका रोगाने साधले, असे तेव्हा आम्ही गमतीने म्हणायचो.

आता वारे उलटे फिरले आहे. टाटा कन्सल्टन्सीने ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात यायला सांगितले. अॅमेझॉनने २०२५ च्या सुरुवातीपासून तेच केले. बाकीच्या कंपन्यांत कुठे तीन दिवस, कुठे महिन्याचे दहा दिवस. मालकांचे म्हणणे असे की घरी माणसाचे लक्ष लागत नाही, काम रेंगाळते. नोकरदारांचे म्हणणे असे की येण्याजाण्याचे दोन-तीन तास वाचतात, तेवढे काम जास्तच होते. या वादात दोन्ही पक्ष एक गोष्ट न बोलता गृहीत धरतात. एकाग्रता हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा गुण आहे, ज्याला मन आवरता येते त्याचे काम होते, ज्याला येत नाही त्याचे होत नाही. पुस्तकांच्या दुकानांत या विषयावरचे जे उपदेश मांडलेले असतात, तेही हेच सांगतात: पहाटे उठा, यादी करा, फोन दूर ठेवा.

उपदेश खोटे नाहीत. मीही त्यांतले काही पाळते. पण माझ्या अनुभवाने मला वेगळे शिकवले. घरी बसून काम करणाऱ्याची एकाग्रता ही बहुतेक वेळा घरातल्या दुसऱ्या कुणीतरी त्याला दिलेली असते. ज्याला ती मिळते त्याला ती आपलीच कमाई वाटते.

शांघायची खोली, चेन्नईचे घर

या बाबतीत दोन प्रयोग लक्षात घेण्याजोगे आहेत. पहिला चीनमधल्या शांघायचा. सीट्रिप नावाच्या प्रवास कंपनीने २०१० साली फोनवर ग्राहकांशी बोलणाऱ्या आपल्या काही कर्मचाऱ्यांना नऊ महिने घरून काम करू दिले. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. घरून काम करणाऱ्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले. रजा आणि मधल्या सुट्ट्या कमी झाल्या आणि घरच्या शांततेत मिनिटामागे फोनही जास्त झाले. जगभरच्या व्यवस्थापकांनी हा आकडा उचलून धरला. पण त्या प्रयोगात सामील होण्याची एक अट होती, ती फारशी कुणी सांगितली नाही. ज्याच्या घरी कामासाठी वेगळी खोली आहे, त्यालाच घरून काम करता येणार होते. आणखी एक गंमत अशी की प्रयोग संपल्यावर घरी काम केलेल्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांनी आपण होऊन ऑफिसात परतणे पसंत केले. एकटेपणा सोसेना, हे त्यांचे मोठे कारण होते.

दुसरा प्रयोग आपल्या चेन्नईचा. डेव्हिड अॅटकिन, अँटोनेट शोअर आणि सुमित शिंदे या अभ्यासकांनी संगणकावर माहिती भरण्याच्या कामासाठी माणसे नेमली. कुणी घरी बसायचे आणि कुणी ऑफिसात, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले. २०२३ साली त्यांनी निष्कर्ष मांडले. घरी बसणाऱ्यांचे काम ऑफिसातल्यांपेक्षा १८ टक्क्यांनी कमी भरले. यातली दोन तृतीयांश तूट पहिल्याच दिवशी दिसली होती. आळस अंगात मुरायलाही माणसाला चार दिवस लागतात. पहिल्याच दिवशी जे आडवे येते ते घर असते, असे मला त्यावरून वाटते.

त्याच अभ्यासातला पुढचा आकडा मी दोनदा वाचला. ज्यांना मुळात ऑफिसच हवे होते, त्यांचे काम घरी १३ टक्क्यांनी घटले. ज्यांना घरूनच काम हवे होते, त्यांचे मात्र २७ टक्क्यांनी. हे उलटेच झाले म्हणायचे! पण कारण पाहिले की उलगडा होतो. घरून काम मागणाऱ्यांत लहान मुले असलेले, घरच्या माणसांची काळजी वाहणारे आणि गरीब घरांतले लोक जास्त होते. ज्याला घर सोडता येत नाही तो घरून काम मागतो, आणि ज्या कारणाने त्याला घर सोडता येत नाही तेच कारण त्याला घरी काम करू देत नाही.

मांडीवरचे सूप

शांघायसारखी वेगळी खोली आपल्याकडे किती घरांत निघेल? सिडकोच्या योजनांतली मूळ घरे एक-दोन खोल्यांची. लोकांनी पुढे त्यांच्यावर मजले चढवले, पण माणसेही वाढली. मग वेगळ्या खोलीशिवाय घरात काम होतच नाही की काय? होते. आपल्या जिल्ह्यात ते शेकडो वर्षे होत आले आहे.

अंबडहून जवळच पांडवलेणी आहेत. तिथल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा लेख आहे. बँकेतल्या माणसाने तो एकदा तरी पाहावा. गोवर्धन म्हणजे इथल्याच परिसरातले गाव. तिथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे त्याने ३००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले: एकीकडे २००० दरमहा शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे १००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. मी तिथल्या तिथे तोंडी हिशेब केला. २००० वर महिना एक टक्का म्हणजे वर्षाचे २४०. वीस गुणिले बारा, बरोबर २४०. ताळा जुळला! माग ज्यांच्या घरातच असणार अशा विणकरांवर ही कायमची ठेव विसंबलेली होती. घरात बसून केलेले काम त्या काळी एवढे भरवशाचे मानले जात होते.

येवल्यात आजही पैठणीचा माग घरातच असतो. विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि माग दर्शनी जागा अडवून बसतो. घर त्याच्या भोवतीने वावरते. सिन्नरला विडी वळणाऱ्या बायकांनी ठेकेदाराकडून पाने, तंबाखू आणि सूत घरी न्यायचे, वळलेल्या विड्या परत द्यायच्या. मजुरी हजारावर. वाईट निघालेली विडी 'छाट' म्हणून बाजूला पडायची आणि तिचे पैसे बुडायचे. मुंबईत गिरगावात १९५९ साली सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापडाचा उद्योग सुरू केला. तिथली पद्धतही अशीच: मळलेले पीठ केंद्रावरून न्यायचे, घरी लाटायचे, पापड तोलून परत द्यायचे आणि नवे पीठ घ्यायचे.

या कामांचे गोडवे मला गायचे नाहीत. विडीच्या धंद्यात तंबाखूच्या धुळीने बायकांच्या छातीचे काय होते आणि हजारामागे हातात काय पडते, हे नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. पण त्या कामांत दोन गोष्टी होत्या, त्या लॅपटॉपच्या कामात नाहीत. एक म्हणजे काम डोळ्यांना दिसायचे. मांडीवर सूप आहे तोवर आई कामात आहे, हे दोन वर्षांच्या पोरालाही कळायचे. लॅपटॉपवर काम करणारा आणि त्यावर सिनेमा पाहणारा, दोघे बाहेरून सारखेच दिसतात. दुसरी गोष्ट अशी की काम मापून घरात यायचे आणि मापून बाहेर जायचे. पीठ संपले की काम संपले. सूनबाईचे पीठ मात्र संपतच नाही. रात्री साडेनऊला तिकडे त्यांची दुपार असते, आणि नवा गोळा येऊन पडतो.

नोटा मोजणाऱ्याशी बोलू नये

बँकेत आमच्या शाखेत रोखपालाचा पिंजरा होता. तो नोटा मोजत असताना त्याच्याशी कुणी बोलत नसे. मॅनेजर नाही, शिपाई नाही, घाईतला ग्राहकसुद्धा नाही. सर्वांना ठाऊक असायचे, की मधेच बोललो तर मोजणी पुन्हा एकपासून. सिलिंडरला चार मिनिटे लागली असे मी वर म्हटले. पण सूनबाई परत जाऊन बसली तेव्हा तिची मोजणी एकपासून सुरू झाली असणार, आणि ती किती वेळाने पुन्हा मूळ जागी पोचली असेल हे मला ठाऊक नाही. दिवसातून अशा दहा हाका पडल्या तर माणूस दिवसभर एकपासूनच मोजत राहतो. संध्याकाळी दमलेला असतो आणि हाती काही नसते.

मला हे कळायला हवे होते, कारण मी ते भोगले आहे. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली. देशभरातले लाखभर लोक तेव्हा बाहेर पडले, त्यांत मी होते. वर्षभरात कादंबरी पूर्ण करीन अशी प्रतिज्ञा करून घरी बसले. वर्ष संपले तेव्हा चाळीस पाने झाली होती. शेजारच्या वहिनी कामावर जाताना किल्ली माझ्याकडे ठेवायच्या. खालच्या मजल्यावरच्यांचा प्लंबर माझ्याकडून पाणी बंद करवून घ्यायचा. नातेवाइकांच्या दवाखान्याच्या फेऱ्या माझ्या वाट्याला आल्या. "तुम्ही घरीच असता ना?" हे वाक्य मी त्या वर्षी इतक्यांदा ऐकले की बँकेतले ग्राहकांचे वाग्बाण गोड वाटू लागले.

दुसऱ्या वर्षी मी बँकेच्या सवयी घरात आणल्या. दहा वाजता चांगली साडी नेसून मागच्या गॅलरीतल्या टेबलापाशी बसायचे. नेसलेली साडी पाहून शेजारीण विचारायची, "बाहेर निघालात का?" मी बेधडक "हो" म्हणायचे. दुसरी सवय टोकनची. काउंटरवर पन्नास माणसे असली तरी पितळी टोकनामुळे एका वेळी एकच पुढे येई. बाकीची बाकावर बसत. घरातली कामे, फोन, निरोप मी एका वहीत टोकन दिल्यासारखे लिहून ठेवू लागले आणि दुपारी दोननंतर एकेकाला बोलावू लागले. बहुतेक कामे तोवर बाकावर बसून आपोआप निघून गेलेली असत. तिसरी आणि सर्वांत उपयोगी सवय ताळ्याची. बँकेत रोकड आणि वही जुळली की दिवस मिटतो. सात पैशांचा फरक असला तरी आम्ही रात्री आठपर्यंत शोधत बसायचो, पण जुळले की वही बंद, आणि मग मन मोकळे. मी रोज पाच वाजता किती पाने झाली ते लिहून वही मिटायला लागले. दोन वर्षांनी कादंबरी पुरी झाली. घरून काम करणाऱ्या तरुणांनी मला काही विचारलेच, तर या तीन गोष्टी मी सांगते: बसायची ठरलेली जागा आणि वेळ, एका वेळी एकच टोकन, आणि दिवस मिटवण्याचा ताळा.

पण एक गोष्ट मी त्यांना सांगत नसे, कारण ती मला स्वतःलाच उमगलेली नव्हती. त्या दोन वर्षांत सासूबाई घरात होत्या. किल्ल्या घ्यायला आणि प्लंबरला उत्तर द्यायला त्या पुढे होऊ लागल्या होत्या. माझ्या शिस्तीच्या पाठीमागे एक म्हातारी बाई दाराशी बसलेली होती.

तिसऱ्या पाळीची झोप

सासूबाईंना या कामाचा सराव अंबडनेच दिला होता. आमचे 'हे' इथल्या एका कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करायचे. तिसऱ्या पाळीहून सकाळी घरी आले की दोन खोल्यांच्या घरात त्यांना झोप हवी असे. सासूबाई मुलांना घेऊन बाहेर ओट्यावर जायच्या, रेडिओ बंद व्हायचा, भांडी दुपारपर्यंत मोरीत तशीच राहायची, फेरीवाल्याला हातानेच "पुढे जा" अशी खूण व्हायची. आमच्या गल्लीत ज्या घरासमोर सकाळी नऊ वाजता मुले कुजबुजत खेळत, त्या घरात तिसरी पाळी आहे हे सगळ्यांना कळे. घरून काम करण्याची पद्धत येण्याच्या कितीतरी आधी ही घरे कारखान्यासाठी काम करत होती. कारखान्याला ताजातवाना कामगार मिळायचा, आणि त्याच्या झोपेची राखण करणारीचे नाव कुठल्या मस्टरवर नव्हते.

त्याच घरात मी बँकेच्या बढतीसाठी सीएआयआयबीच्या परीक्षेचा अभ्यास केला. रात्री अकरानंतर, स्वयंपाकघरात, ओट्याला पाठ टेकून. माझ्यासाठी मुलांना कुणी ओट्यावर नेले नव्हते. सासूबाई दुष्ट नव्हत्या. पुरुषाचे काम ते काम, बाईचे काम म्हणजे इतर कामांतून उरलेल्या वेळातले काम, हे त्यांच्या हाडीमासी होते. तेच माझ्या हाडीमासी उतरले, आणि सिलिंडरच्या घंटेबरोबर बाहेर आले.

हे केवळ माझ्या घरचे पाप असते तर मी रविवारच्या सकाळी ते तुमच्यापुढे मांडले नसते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर घरकामाला हात लावणारे पुरुष ८८ मिनिटे, असे दिसले. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. मधल्या काळात टाळेबंदी येऊन गेली, लक्षावधी पुरुष महिनोन् महिने घरात बसून राहिले, त्यांनी चहा आणि ऑम्लेट करतानाचे फोटो एकमेकांना पाठवले. पाच वर्षांचा ताळा काढला तर पुरुषांची मिनिटे वाढलेली नाहीत, नऊने कमीच झाली आहेत.

घराचे भाडे कोण भरणार?

सगळा दोष घरातल्या माणसांच्या माथी मारणेही बरोबर नाही. कंपनीने ऑफिसची जागा, वीज, खुर्च्या, पंखे, चहा, शिपाई यांचा खर्च वाचवला, तो कुठे गेला? तो आमच्या घरात आला. खोली आमची, वीज आमची, इंटरनेटचे बिल आमचे आणि शांतता राखणारा शिपाईही आमच्याच घरातला.

घर हेही कामाचे ठिकाण असते, हे आपल्या कायद्याला ठाऊक नाही असे नाही. १९६६ साली संसदेने विडी आणि सिगार कामगारांसाठी जो कायदा केला, त्यात मालकाकडून किंवा ठेकेदाराकडून कच्चा माल घेऊन घरी विड्या वळणाऱ्या बाईला स्पष्टपणे 'कर्मचारी' म्हटले. विडी कारखानदार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७४ साली न्यायालयाने कायदा उचलून धरला. सिन्नरच्या झोपडीत बसलेल्या बाईचे मालकाशी नाते आहे, हे देशाने पन्नास वर्षांपूर्वी मान्य केले. १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरून काम करणाऱ्यांसाठी स्वतंत्र करार केला, त्यावर मात्र भारताने अजून सही केलेली नाही. २०१७ साली बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात दुरुस्ती झाली, तिने रजेनंतर घरून काम करण्याची सोय दिली. पण तीही मालकाशी परस्पर संमतीने ठरवायची. खोली कुणाची, तास किती, याबद्दल त्यात काही नाही.

कामाचे तास संपल्यावर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून कायद्यात आला. पोर्तुगालने २०२१ साली त्यापुढे जाऊन कामाच्या वेळेबाहेर कर्मचाऱ्याशी संपर्क साधू नये, हे मालकाचेच कर्तव्य ठरवले. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली अशा हक्काचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते. खासगी विधेयकांचे जे होते तेच त्याचेही झाले. ऑफिसात या की घरी बसा, या वादात कंपन्या आणि नोकरदार एकमेकांवर तावातावाने बोलतात. पण घरी बसवलेल्या माणसाला ठरलेले तास आणि बसायच्या जागेचा मोबदला मिळाला पाहिजे, ही मागणी कुणी जोराने करताना दिसत नाही. हजार विड्यांचा दर ठरवण्यासाठी सिन्नर-सोलापूरच्या बायका मोर्चे काढत आल्या. लॅपटॉपवाल्यांना आपण कामगार आहोत हेच पटत नाही, मग दर कोण ठरवणार?

नवे टोकन

कायदा होईल तेव्हा होईल. घरात जे करायचे ते आम्ही त्या रात्रीनंतरच्या रविवारी बसून ठरवले. बैठक सोपी झाली नाही. चिरंजीव म्हणाले, "मी कधी कुणाला गप्प बसायला सांगितलं?" खरे होते, त्याने कधीच सांगितले नव्हते. त्याला न सांगता मिळत होते, हेच त्याला दाखवावे लागले. आमचे 'हे' बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "माझी पाळी आता सुटलेली आहे. दाराची घंटा माझ्याकडे." पंचविशी-तिशीत या घराने त्यांची झोप राखली होती, तिची परतफेड सत्तरीला येऊन ते करत आहेत.

दार असलेली एक खोली दोघांत वाटून दिली आहे: सकाळी दहा ते दोन सूनबाईची, दोन ते सहा चिरंजीवांची. ज्याची पाळी नसेल तो हॉलमध्ये बसेल, आणि घरातल्या अडल्यानडल्याला उठायचे ते त्याने. दाराला मी माझे जुने पितळी टोकन दोऱ्याने अडकवले आहे. शाखेतले टोकन बदलले तेव्हा आठवण म्हणून मागून घेतलेले. ते बाहेर लटकत असले की आत मोजणी चालू आहे. नातवाला हा खेळ आवडला. पहिल्या आठवड्यात तो दर दहा मिनिटांनी टोकन हलवून पाहत होता, आता हलवत नाही. रात्री साडेआठनंतर लॅपटॉप देवघराशेजारच्या कपाटात जातो. सूनबाईने तसे ऑफिसला कळवले आहे. तिकडून अजून उत्तर आलेले नाही.

तिने पुण्याला जाण्याचा विचार दिवाळीपर्यंत पुढे ढकलला आहे, रद्द केलेला नाही. आणि ते योग्यच आहे. चाळीस वर्षांची सवय तीन आठवड्यांत जात नसते. परवा दुपारी बारा वाजता मला मोबाइलवरचे काहीतरी जमेना, मी चष्मा घेऊन सवयीने त्या खोलीकडे निघाले, हाक ओठांवर आलेली होती. दाराशी टोकन दिसले. मी तशीच वळले आणि हॉलमध्ये बसलेल्या मुलाला म्हटले, "अरे, बघतोस का जरा?"

तो उठला. चार मिनिटे लागली. परत जाऊन बसताना त्याने पडद्याकडे पाहून कपाळाला आठ्या घातल्या. मोजणी बहुधा एकपासून सुरू झाली होती.